घर आपले, भुई सर्वांची

(या पाठासोबत लेवीय 25 वा अध्याय व 1 राजे 21 वा अध्याय वाचावा.)

ज्या घराच्या भिंती आपण आपल्या हातांनी लिंपल्या, ज्याचे आढे चार सोयऱ्यांच्या मदतीने चढविले, त्या घराविषयी एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. भिंती आपल्या खऱ्या. पण भिंतींखालची भुई कोणाची? भुई दुसऱ्याची असेल तर घर त्या दुसऱ्याच्या मर्जीवर उभे असते. मजुरीवरून शब्दाला शब्द वाढला, निवडणुकीत मत भलतीकडे पडले, किंवा मालकास न रुचणारी वाट आपण धरली, की पहिली धमकी जागा मोकळी करण्याची येते. ज्या उपदेशक बंधूंनी गावोगाव काम केले आहे, त्यांस हे आम्ही सांगावयास नको.

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. तो अध्याय आपण बहुधा योबेल वर्षाच्या रणशिंगापुरता वाचतो व पुढे जातो. या वेळी तीन गोष्टींवर बोट ठेवून वाचावा. पहिली ही की, जमीन कायमची विकण्याचा अधिकारच इस्राएल लोकांस दिलेला नव्हता. धनी परमेश्वर, आणि लोक त्याने वसविलेली रयत. दुसरी ही की, अडचणीत सापडलेल्याने जमीन दिली तरी तिची किंमत पुढील योबेलापर्यंत किती पिके निघतील यावर ठरे. म्हणजे विकली जात ती पिके, भुई नव्हे. तिसरी गोष्ट खेड्यातील वाचकांस विशेष गोड वाटेल. तटबंदीच्या नगरातील घर विकले आणि वर्षाच्या आत सोडविले नाही, तर ते कायमचे गेले. पण ज्या खेड्यास तट नाही तेथील घरे शेताप्रमाणेच मानावी, ती सोडविता यावी, आणि योबेल वर्षी ती परत मिळावी, असा नियम होता. खेड्यातील घर गेले म्हणजे माणसाचे गावातील मूळच उपटले गेले, हे त्या नियमकर्त्याने ओळखले होते.

हा नियम इस्राएलात नेहमी पाळला गेला असे नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट त्यासाठीच वाचावयास सांगितली आहे. नाबोथाने राजास नकार दिला तो हट्टाने नव्हे. वडिलार्जित भुई विकण्याची मोकळीक आपल्याला नाही, असे तो समजत होता. अहाबास मात्र ती केवळ भाजीपाल्यासाठी सोयीची जागा दिसली.

आता या जुन्या नियमाशी नाते सांगणारी एक अलीकडची गोष्ट आम्ही सांगतो. ती अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य भागातील आहे. तेथे गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, तरी पुढे शंभर वर्षे पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या जमीनदारांच्या शेतांवर वाट्याने काम करीत व त्यांनीच दिलेल्या खोपटांत राहत. 1960 नंतर मतदारयादीत नाव नोंदविण्याची चळवळ दक्षिणेकडील राज्यांत सुरू झाली. कचेरीत जाऊन नाव नोंदविले की घरी येईतो चूल बाहेर फेकलेली, असे अनेकांचे झाले. शेजारच्या टेनेसी राज्यातील फेयेट जिल्ह्यात तर 1960 साली हुसकावलेल्या कुटुंबांना शेतात तंबू ठोकून हिवाळा काढावा लागला.

चार्ल्स शेरॉड नावाचे एक तरुण बाप्टिस्ट पाळक 1961 साली या चळवळीसाठी जॉर्जियातील ऑल्बनी नगरात आले. ते तेथेच राहिले. त्यांच्या पत्नी शर्ली यांचे वडील शेतकरी होते. 1965 साली एका गोऱ्या शेजाऱ्याने त्यांस गोळी घालून ठार केले, आणि पंचांनी खुन्यावर खटलादेखील उभा केला नाही. त्या वेळी शर्लीबाई सतरा वर्षांच्या होत्या. दक्षिण सोडून उत्तरेकडे जावयाचे हा त्यांचा बेत होता. त्या रात्री त्यांनी येथेच राहून काम करण्याचा निश्चय केला. या दोघांना कामात वारंवार एकच अनुभव येई. माणसास धैर्य द्यावे, त्याने उभे राहावे, आणि दुसऱ्या दिवशी तो बेघर व्हावा. मताचा हक्क कागदावर मिळाला तरी पायाखालची भुई मालकाची असेल तर तो हक्क बजावणार कसा?

त्यांस रॉबर्ट स्वान नावाचा एक सोबती मिळाला. हा गोरा गृहस्थ सुतारकाम व घरबांधणी करणारा होता. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिल्याबद्दल त्याने तुरुंगवास भोगला होता, आणि पुढे मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मंडळ्यांची जाळलेली उपासनामंदिरे पुन्हा बांधण्याच्या कामी तो गेला होता. जमिनीचा बाजार होऊ नये व ती राबणाराच्या हातून जाऊ नये यासाठी काय करता येईल, याचा विचार तो व त्याचे ज्येष्ठ मित्र राल्फ बोर्सोडी कित्येक वर्षे करीत होते. येथे आपल्या महाराष्ट्राशी या गोष्टीचा खरा धागा जुळतो. बोर्सोडी हिंदुस्थानात राहून गेले होते, आणि विनोबा भावे यांच्या ग्रामदानाचा या दोघांच्या विचारावर मोठा ठसा होता.

विनोबांचा जन्म 1895 साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे गावचा. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी 80 एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदारांनी तेथल्या तेथे 100 एकर देऊ केली. येणेप्रमाणे भूदान सुरू झाले. पदयात्रेत पुढे लाखो एकर दान मिळाले. पण त्यातील पुष्कळ जमीन खडकाळ वा वादातील निघाली, आणि मोठा भाग भूमिहीनांपर्यंत कधी पोहोचलाच नाही. दुसरी अडचण अशी की, गरिबास एकटा तुकडा दिला तर एका दुष्काळात किंवा एका लग्नात तो सावकाराकडे जाई. म्हणून विनोबा ग्रामदानाकडे वळले. 1952 साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले ग्रामदानी गाव झाले. ग्रामदानात मालकी गावाच्या सभेकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे व त्याच्या वारसांकडे राहतो, पण बाहेरच्यास विक्री होत नाही. स्वान यांनी यातून जे उचलले ते हेच: दान एका माणसास दिले तर ते विकले जाऊ शकते, गावास दिले तर टिकण्याचा संभव आहे.

1968 च्या उन्हाळ्यात शेरॉड, स्वान, ऑल्बनीच्या चळवळीचे पुढारी स्लेटर किंग व आणखी काही जण इस्राएल देशास गेले. तेथे 1901 साली स्थापन झालेला ज्यू राष्ट्रीय निधी जमीन विकत घेऊन ती न विकता 49 वर्षांच्या पट्ट्याने देत असे. 49 ही संख्या योबेलावरूनच घेतलेली. पट्ट्याच्या जमिनीवर गावे कशी वसवितात हे या मंडळीने पाहून घेतले. येथे आम्हांस एक गोष्ट न बोलता पुढे जाववत नाही. त्या निधीच्या जमिनीत तेथील अरब रहिवाशांस वाटा नव्हता, आणि 1948 च्या युद्धात त्यांतील लाखोंची घरेदारे गेली होती. जमीन कायमची विकू नये हा नियम चांगला. परंतु ‘आपण सर्व’ म्हणताना कोणास मोजावयाचे, हा प्रश्न त्या नियमाने आपोआप सुटत नाही. आपल्या खेड्यांतही ‘गावाची जमीन’ म्हणताना गावकुसाबाहेरचा वाडा कितीदा मोजला गेला, हे वाचकांनीच आठवावे.

1969 साली ‘न्यू कम्युनिटीज’, म्हणजे नव्या वस्त्या, या नावाची संस्था स्थापन झाली. स्लेटर किंग हे त्याच वर्षी मोटार-अपघातात वारले. तरी काम थांबले नाही. ली जिल्ह्यात सुमारे 5,700 एकर जमीन घेण्यात आली. कृष्णवर्णीय लोकांच्या हाती असलेला त्या काळचा देशातील सर्वांत मोठा तुकडा म्हणून तो गणला जाई. बेत असा होता की, जमीन संस्थेची राहावी, तिजवर कुटुंबांनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घरे बांधावी, काही शेती सर्वांनी मिळून करावी, आणि शाळा व दवाखानाही असावा. मका, भुईमूग, सोयाबीन ही पिके निघू लागली; डुकरे पाळली, द्राक्षे लावली, हमरस्त्यावर भाजीपाल्याचे दुकान घातले.

पण पाया कच्चा होता, आणि तो कोठे कच्चा होता हे उपदेशकांनी नीट समजून घ्यावे. जमीन बहुतेक सगळी कर्जावर घेतलेली होती. सरकारकडून आराखडा करण्यापुरती रक्कम मिळाली. ज्या मोठ्या अनुदानावर घरांचा बेत उभा होता ते राज्याच्या गव्हर्नरच्या विरोधामुळे आलेच नाही. त्यामुळे योजलेल्या वस्त्या बांधल्या गेल्या नाहीत, आणि पिकाचा पैसा व्याजात जाऊ लागला. शेजाऱ्यांचे वैर होते, गोळ्याही झाडल्या गेल्या. मग अवर्षणाची वर्षे आली. गोऱ्या शेतकऱ्यांस सरकारी तगाई लवकर मिळे. या संस्थेचा अर्ज मात्र अडवून धरण्यात आला, आणि कर्ज हाती आले ते तीन वर्षांनी, फार उशिरा. 1985 साली गहाणाची जप्ती होऊन सगळी जमीन गेली.

जमीन गेली खरी, पण कल्पना गेली नाही. 1972 सालीच स्वान व त्यांचे सोबती यांनी या पद्धतीवर एक मार्गदर्शक पुस्तक काढले होते. 1980 च्या सुमारास ओहायो राज्यातील सिनसिनाटी नगरात मंडळ्या व पाळक यांच्या संघाने अशी संस्था उभारली. जुन्या वस्तीत श्रीमंतांचा पैसा शिरू लागला होता आणि गरीब भाडेकरू हुसकावले जात होते, त्यांच्यासाठी. शहरातील अशी ही पहिली संस्था समजतात. आज अमेरिकेत असे 300 हून अधिक ट्रस्ट आहेत, आणि इंग्लंडात 2008 साली कायद्याने त्यांची व्याख्या केली. कॉर्नवॉलमधील सेंट मिनव्हर या खेड्यात बाहेरचे धनिक सुटीसाठी घरे घेऊ लागल्याने गावच्या तरुणांस घर घेणे अशक्य झाले. तेथे ट्रस्टच्या जमिनीवर प्रथम बारा कुटुंबांनी, पुष्कळसे काम स्वतः करून, घरे बांधली.

ही पद्धत चालते कशी? व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टन नगराचा दाखला घेऊ. तेथील ट्रस्ट 1984 साली नगरपालिकेने दिलेल्या दोन लाख डॉलरच्या भांडवलावर सुरू झाला. मर्म एवढेच की, घर व भुई यांची दोन स्वतंत्र खाती करावयाची. भुई ट्रस्टची, ती विकावयाची नाही. घर कुटुंबाचे, त्याचे खरेदीखत होते, त्यावर कर्ज निघते, ते मुलांस वारसाने जाते. भुईसाठी दीर्घ मुदतीचा पट्टा, बहुतेक ठिकाणी 99 वर्षांचा, व नाममात्र भुईभाडे. बदल्यात कुटुंब कबूल करते की घर स्वतः राहण्यास वापरू, आणि विकावयाचे झाले तर ठरल्या हिशेबाने ट्रस्टला किंवा दुसऱ्या गरजू कुटुंबाला विकू.

हिशेब सोपा करून सांगतो. आकडे केवळ समजावयासाठी आहेत. समजा, भुईसह घराची बाजारची किंमत 20 लाख रुपये आहे. त्यातील 6 लाख देणग्यांतून ट्रस्टने भरले. कुटुंबाने 14 लाख दिले. काही वर्षांनी तेच घर 28 लाखांचे झाले. वाढ 8 लाखांची. बर्लिंग्टनमध्ये वाढीचा चौथा हिस्सा विकणाऱ्यास देण्याचे ठरविले होते. म्हणजे कुटुंबाला 14 आणि 2 मिळून 16 लाख मिळाले, आणि 28 लाखांच्या घरात पुढचे गरीब कुटुंब 16 लाखांत शिरले. पहिल्या 6 लाखांची देणगी पुन्हा मागावी लागली नाही. सरकारी अनुदानाने बांधलेले घर एका पिढीत बाजारात जाऊन नाहीसे होते, आणि पुढच्या गरिबासाठी पुन्हा पहिल्यापासून देणगी गोळा करावी लागते. येथे एकच देणगी एकामागून एक घराण्यांस पुरते. लेवीयाच्या अध्यायातील पिकांच्या मोजणीशी हे ताडून पाहावे. तेथेही विकणाऱ्यास श्रमाचे व मुदतीचे मोल मिळे, भुईचे नव्हे.

कोणी म्हणेल, ही मालकी अर्धवट झाली. धनवानाचे घर वाढले तर सगळी वाढ त्याची, आणि गरिबास मात्र चौथाई? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ज्या लोकांस शंभर वर्षे जमीन मिळूच दिली नाही, त्यांनीच पुढे नफा सोडावा हे म्हणणे कडू लागते, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय बंधूंनी ते बोलूनही दाखविले आहे. एवढे खरे की, या पद्धतीची तुलना धनवानाच्या बंगल्याशी न करता भाड्याच्या खोलीशी केली पाहिजे. भाडेकरूस वाढीतून काहीच मिळत नाही, आणि उद्या काढून टाकले तर दादही नाही. दुसरे असे की, 2008 च्या आसपास अमेरिकेत घरकर्जांचा मोठा घोटाळा होऊन लक्षावधी कुटुंबे घरांस मुकली. 2010 च्या अखेरीस ट्रस्टच्या घरांवरील कर्जांपैकी जप्तीच्या कारवाईत असलेली शेकडा अर्ध्याहूनही कमी होती. बाजारातील साधारण कर्जांत हे प्रमाण त्याच्या दहापट होते. कारण साधे आहे: कर्ज लहान होते, आणि हप्ता थकला की ट्रस्टचा माणूस सावकाराच्या आधी दारी येऊन बसत असे.

कारभाराची रचना पाहण्याजोगी आहे. पंचमंडळाचे तीन भाग करतात. एक तृतीयांश त्या घरांत राहणारे. एक तृतीयांश आसपासचे, जे राहत नाहीत पण सभासद आहेत. आणि उरलेले सार्वजनिक हिताचे जाणते. राहणारेच सर्व असले तर एके दिवशी जमीन विकून पैसा वाटून घेण्याचा मोह होतो. बाहेरचेच असले तर ते जुन्या मालकासारखे वागू लागतात. आमच्या अनुभवाप्रमाणे मंडळ्यांच्या मालमत्तेचे नुकसान परक्या शत्रूने फार थोडे केले; सभा न भरविणाऱ्या व हिशेब न वाचणाऱ्या आपल्याच पंचांनी अधिक केले.

आपल्या राज्यात ही कल्पना अगदी परकी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने 2009 साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. पुढे 2013 साली तेथील लोकांनी महाराष्ट्र ग्रामदान कायदा, 1964, याच्या आधारे आपापल्या खासगी जमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय एकमताने घेतला. निर्णय एका बैठकीत झाला नाही. सर्वांचे मन वळेपर्यंत गाव थांबले.

आता आपल्या मंडळ्यांविषयी. ज्या मंडळीच्या ट्रस्टकडे पडीक तुकडा आहे आणि ज्या मंडळीत बेघर कुटुंबे आहेत, तेथे हा प्रश्न केव्हातरी निघतोच: तुकडा विकून पैसा करावा, की कुटुंबांस वाटून द्यावा? या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे, ती म्हणजे पट्ट्याची. परंतु तोंडी शब्दावर कोणासही घर बांधू देऊ नये. त्यात त्या कुटुंबाचाही घात आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे, ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकावयास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तशीच ती शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, किंवा बिनशेती जमीन व इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यासही लागते. परवानगीवाचून केलेला 99 वर्षांचा पट्टा कितीही सुंदर अक्षरात लिहिला तरी टिकणार नाही. म्हणून आधी सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे, मग ट्रस्टच्या नोंदणीत ती मालमत्ता चढली आहे की नाही हे पाहावे, मग वकील गाठावा. आणि जॉर्जियाची गोष्ट आठवून, त्या भुईवर आधीचे कर्ज किंवा गहाण असेल तर ते फिटेपर्यंत एकही चिरा बसवू नये.

त्या जॉर्जियाच्या मंडळीचे पुढे काय झाले, हे राहिले. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यावर पक्षपाताबद्दल दावा लावला होता; 1999 साली त्यात तडजोड झाली. शेरॉड दांपत्याने आपल्या संस्थेचे कागद जपून ठेवले होते. जमीन गेल्यावर चोवीस वर्षांनी, 2009 साली, निवाडा त्यांच्या बाजूने लागला, आणि भरपाई म्हणून सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. 2011 साली त्या पैशांतून त्यांनी ऑल्बनीजवळ 1,638 एकरांचा मळा विकत घेतला. हा मळा गुलामगिरीच्या काळी एका मोठ्या गुलाम-मालकाचा होता. चार्ल्स शेरॉड 2022 साली वारले. मळ्याचे नाव आता रिसोरा असे आहे, आणि या वेळी जमीन कर्जावर घेतलेली नाही.